यंत्राला खापर ऐकू येत नाही

सोयाबीन निघून रान नांगरून पडलं होतं, शाळू पेरायला वापसा यायची वाट बघत होतो. त्या रविवारी भाचा बेळगावाहून मोटारसायकलवर आला. पाठीला लांबट काळी पिशवी. पिशवीतून एक काठी निघाली, काठीच्या टोकाला जेवणाच्या ताटाएवढी चकती, आणि कानाला लावायचे हेडफोन. मग खिशातून टाइप केलेला कागद निघाला. "मामा, एवढी सही करा. तुमच्या रानात मेटल डिटेक्टर फिरवायला तुमची हरकत नाही, आणि जे काय सापडेल ते निम्मं तुमचं, निम्मं माझं."

रान वेदगंगेच्या अंगाला, निपाणीपासून फार लांब नाही. साडेतीन एकर काळी, आणि वरच्या अंगाला अर्धा एकर पांढर. पांढर म्हणजे उठून गेलेल्या गावाची जागा. गाव कुठलं, का उठलं, माझ्या आजोबांनाही सांगता आलं नव्हतं. पावसाळा सरला की तिथं खापरं वर येतात, एखादा शंखाच्या बांगडीचा तुकडा येतो. लहानपणी नदीच्या पाण्यावर टप्पे पाडायला आम्ही ती खापरं टोपलीनं नेली आहेत. नंतर गावातल्या निम्म्या लोकांनी आपापली पांढर गाडीनं उचलून काळ्या रानात टाकली, माती कसदार म्हणून. आमची राहिली ती आळसानं. त्याला जपणं म्हणायचं धाडस मला होत नाही.

योगायोगानं शाळेतले इतिहासाचे सर त्या दिवशी आमच्याकडं होते. आणि आबा तर कायमचेच. आबा आमचे वाटेकरी, माझ्या वडिलांच्या वेळेपासून. करंजाच्या सावलीत चहा झाला, आणि माझी सही पेनातच राहिली. बोलणं झालं ते देतो. थोडं पुढंमागं माझ्या सोयीनं केलंय.

सर: परवानगी नेमकी कशाची मागतोयस?

भाचा: रानात फिरायची, आणि आवाज आला तिथं उकरायची. सर, मी बेळगावच्या किल्ल्यात जात नाही, तिथल्या कमलबस्तीच्या आवारात जात नाही, सरकारी जागेत पाय ठेवत नाही. मालकाला विचारून, खासगी रानात, दिवसाउजेडी. आणखी काय करायचं माणसानं?

सर: फिरायची परवानगी हा देईल. उकरायचीही देईल, विहीर खणतोच की. पण निघेल ते निम्मं-निम्मं करायचं, हे याच्या हातात आहे का? उताऱ्यावर याचं नाव आहे ते जमिनीचा मालक म्हणून.

भाचा: इंग्लंडात असंच चालतं. शेतकऱ्याची परवानगी घ्यायची, वाटणीचं आधी ठरवायचं. तिथं १९९२ मध्ये सफक परगण्यात एका शेतकऱ्याचा हातोडा रानात हरवला. त्यानं ओळखीच्या माणसाला सांगितलं, तुझं यंत्र घेऊन ये, हातोडा शोध. तो शोधायला गेला आणि रोमन काळातली जवळपास पंधरा हजार नाणी, सोन्याचे दागिने, चांदीचे चमचे निघाले. हॉक्सनचा ठेवा म्हणतात त्याला. सतरा लाख पन्नास हजार पौंड बक्षीस मिळालं. त्यानं त्यातला वाटा शेतकऱ्याला दिला.

आबा: आन् हातोडा?

भाचा: तोही सापडला. ब्रिटिश म्युझियममध्ये ठेवलाय.

आबा: म्हंजे हातोडा गेलाच की वं.

सरांना ठसका लागला. आबांच्या बोलण्यात चेष्टा नव्हती. त्यांचंही एक हरवलेलं आहे. 'आंदोलनाच्या साली', म्हणजे १९८१ ला, तंबाखूवाले निपाणीच्या हायवेवर बसले होते त्या वर्षी, कर्नाटकी बेंदराला त्यांच्या बैलाच्या शिंगाची पितळी शेंबी याच रानात पडली. जोडीतली दुसरी घरात खुंटीला आहे. भाच्याच्या यंत्राकडं ते सकाळपासून त्याच एका आशेनं बघत होते.

सर: गोष्ट चांगली आहे, पण मधलं पान तू उलटलंस. त्या माणसानं थोडी नाणी, थोडी भांडी निघाल्यावर काय केलं?

भाचा: थांबला. कळवलं.

सर: थांबला! बाकीचं पुरातत्त्ववाल्यांनी काढलं. पेटी कशी होती, काय कशाखाली ठेवलं होतं, सगळं कळलं ते तो थांबला म्हणून. तुझ्या कागदात 'थांबणे' हा शब्द आहे का?

कागदात नव्हता. मी दोनदा वाचला.

मग सरांनी कायदा काढला. सरांना कायदा काढताना बघणं म्हणजे जुन्या ट्रंकेतून ओळीनं कपडे निघताना बघणं. हे रान कोगनोळीच्या शिवेपलीकडं, महाराष्ट्रात, कागल तालुक्यात असतं, तर १८७८ चा इंग्रजी अमलातला गुप्तधनाचा कायदा लागला असता. दहा रुपयांहून जास्त किमतीचं काही मातीत सापडलं की कलेक्टरला लेखी कळवायचं. तेव्हाचे दहा रुपये, कायद्यात अजून दहाच आहेत. कलेक्टर जाहीर नोटीस काढणार, चार ते सहा महिन्यांनंतरची तारीख देणार, त्या तारखेला कुणी हक्कदार उभा राहतो का बघणार. कुणी नाही आलं, आणि आपसात करार नसेल, तर तीन हिस्से सापडवणाऱ्याला, एक हिस्सा जागेच्या मालकाला. करार असेल तर कराराप्रमाणे. सरकारला वस्तू हवी असली तर मालाच्या किमतीवर एक पंचमांश चढवून ती घेणार. लपवलं तर हिस्सा सरकारजमा आणि एक वर्षापर्यंत कैद. लपवायला मालकानं हात दिला तर त्याला सहा महिन्यांपर्यंत.

भाचा: म्हणजे माझ्या कागदाला कायद्यात आधार आहे!

सर: कागलात. आणि कलेक्टरला कळवून झाल्यावर. आपण १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होतो, तोवर इथंही तेच होतं. मग म्हैसूर राज्यात गेलो आणि १९६२ ला इकडचा वेगळा कायदा आला. त्यातही पहिली पायरी तीच, डीसींना, म्हणजे इकडच्या कलेक्टरला, कळवा. शिवाय १९७२ चा पुराणवस्तूंचा कायदा साऱ्या देशाला आहे. शंभर वर्षांहून जुनं नाणं ही पुराणवस्तू. ती देशाबाहेर धाडता येत नाही, विकायचा धंदा करायचा तर परवाना लागतो.

आबा: म्हंजे शीव बदलली की कायदा बदलला. हंड्याला काय ठावं, आपुन कुठल्या राज्यात पुरलोय?

आणि थोडं थांबून, माझ्याकडं न बघता: "वाटेकऱ्याचं काय हाय का त्यात, अण्णा?"

सरांनी चहाचा कप उचलला. कप रिकामा होता.

इथं मला माझं सांगायला पाहिजे. सरांचा कायदा मला पटतो, पण तो बांधावर पोचत नाही. रानात काही निघालं तर शेतकरी पहिल्यांदा कलेक्टरला भीत नाही, तो 'जागा जाईल' याला भितो. उद्या साहेब येणार, दोरी लावणार, चौकट घालणार, आणि ऊस? म्हणून आमच्याकडं निघालेलं काही 'निघालं' असं कुणी म्हणत नाही. तांब्याचं असेल तर मोडीत जातं, मूर्ती असेल तर पिंपळाखाली शेंदूर लावून बसते.

भाच्यानं हेच धरलं, आणि चांगलं धरलं.

भाचा: सर, तुम्ही म्हणता यंत्रानं इतिहास बिघडतो. पण हायवेचं रुंदीकरण झालं तेव्हा जेसीबीनं किती पांढरी कापल्या, कोण उभं होतं तिथं? पलटी नांगर फूटभर खाली जातो. खतांच्या क्षारांनी तांबं खाल्लं जातं. माझं यंत्र नाण्याचा आवाज वीतभर खोलीपर्यंत घेतं, त्याच्या खाली जवळपास बहिरं. म्हणजे नांगरानं आधीच ढवळलंय तेवढ्यातलंच मी काढतो. मी नाही काढलं तर दहा वर्षांत ते भुगा होईल.

हे सांगताना तो चकती हातात धरून आबांना शिकवतही होता. चकतीत वीज खेळते, तिचं चुंबकी बळ जमिनीत उतरतं, धातू असला तर त्यात भोवऱ्यासारखे प्रवाह उठतात, आणि त्यांची चाहूल चकतीला लागते की कानात आवाज. बेळगावच्या जांभ्याच्या तांबड्या मातीत लोखंड इतकं की यंत्र नुसतं कोकलत सुटतं, म्हणून तो आमच्या काळ्या रानाकडं वळला. इथंही आधी जमिनीशी सूर जुळवावा लागतो. चकती चार वेळा वर-खाली करून तो ते करत होता, तंबोरा लावावा तसं.

सर: ढवळलेलं असलं तरी वस्तू जिथं पडली तिथून फार लांब जात नाही. एका कोपऱ्यात चार नाणी, दुसऱ्यात लोखंडाचा मळ, तिसऱ्यात नुसती खापरं. त्यावरून खाली काय असेल हे कळतं. तू नाणी उचलून डबीत घातलीस की तो कोपरा मुका झाला. आणि तू लोखंडाचा आवाज बंद करून ठेवतोस ना?

भाचा: ठेवावाच लागतो. नाहीतर दिवसभर खिळेच.

सर: मग इथं कुणी लोखंड गाळत होतं का, हे तुला कधीच कळणार नाही. खापराला आवाज नाही. जळक्या तुरीच्या दाण्याला नाही, शंखाच्या बांगडीला नाही. वस्ती म्हणजे शंभरातल्या नव्वद अशाच गोष्टी. बाकीच्या दहा तुझं यंत्र ऐकणार, आणि तेवढ्यालाच तू इतिहास म्हणणार.

भाचा: पण तुमचं सगळं ज्ञान आलंय ते कुणीतरी नाणी उचलली म्हणूनच.

सर: उचलली, पण सगळी एकत्र राहिली म्हणून! नाशिकजवळ जोगळटेंभीला १९०६ मध्ये नहपानाची तेरा हजारांवर चांदीची नाणी सापडली. त्यातल्या नऊ हजारांहून जास्त नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीनं आपला ठसा पुन्हा मारलेला. हरलेल्या राजाच्या तोंडावर जिंकलेल्याचा शिक्का, तो असा ढिगानं. त्यातली पाच-पन्नास सराफाकडं गेली असती तर एखाद्या संग्राहकाला मौज वाटली असती, बस. उलट दायमाबाद बघ. १९७४ ला एका भिल्ल शेतकऱ्याला झुडपाखाली खणताना हत्ती, गेंडा, रेडा आणि रथ असे चार कांस्याचे पुतळे मिळाले. काय काम आहे! नंतर तिथं मोठं उत्खनन झालं. पण ते चार कुठल्या थरात, कशाशेजारी होते हे आधीच गेलेलं. त्यांच्या काळावर विद्वान अजून भांडतात.

भाचा गप्प झाला, पण हटला नाही. तो बेळगावच्या वडगावचा. सरांनी तीही दुखरी जागा दाबली. वडगाव-माधवपुरात सत्तरच्या दशकात धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठानं, डॉ. अ. सुंदर यांनी, उत्खनन केलं आणि सातवाहनांच्या काळातलं शहर उघडं केलं. आज तिथं घरं आहेत, माग आहेत. भाचा त्याच मातीवर वाढला आणि हे त्याला सरांकडून कळलं. ("शाळेत का नाही सांगितलं?" तो म्हणाला. सर म्हणाले, "माझ्या शाळेत तू नव्हतास." हे उत्तर नव्हे, हे सरांनाही माहीत होतं.)

सर: आणि तुला सोनं हवंय. आपल्या भागातलं सगळ्यात मोलाचं नाणं शिशाचं आहे. कुर राजांचं. वासिठीपुत विळिवायकुर, माढरीपुत सिवलकुर, गोतमीपुत विळिवायकुर. एका बाजूला धनुष्यबाण. कोल्हापूरच्या आसपास ती सापडतात. ते राजे आपल्याला कळले ते त्या शिशानं. पोथ्यांत नाहीत, पुराणांत नाहीत. टॉलेमीच्या भूगोलात बलेओकुरोस असं नाव येतं, ते यांच्यातलंच असावं असं अभ्यासक धरतात.

आबा: शिसं? आमी त्येच्या जाळ्याला गोळ्या वतल्या असत्या.

आबा मघापासून सगळ्यात महत्त्वाची वाक्यं बोलत होते आणि कुणी लिहून घेत नव्हतं.

शेवटी मी म्हटलं, काळीत फिरव, सही नंतर बघू. भाचा उठला. पहिला आवाज ट्रॅक्टरच्या पिनेचा, लोखंड बंद असूनही जाडजूड पीन कशी घुसली कोण जाणे. दुसरा दारूच्या बाटलीच्या झाकणाचा. तिसरा ॲल्युमिनियमच्या कातरलेल्या कडेच्या दहा पैशांचा, त्याचं आबांना फार कौतुक. मग लोखंडही चालू कर म्हटल्यावर बैलाची पत्री, खिळ्यासकट. आबांनी ती उलटीपालटी केली आणि म्हणाले, ही मागच्या पायाची.

पांढरीच्या बांधाजवळ चार बोटं खाली एक हिरवट चकती निघाली. भाचा ती पँटीला घासायला गेला आणि सर ओरडले. असे ओरडलेले मी त्यांना दहावीनंतर ऐकले नव्हते. नाणं तळहातावर घेऊन त्यांनी उन्हात तिरपं धरलं. एका बाजूला 'श्री राजा' एवढं लागलं, खालचं झिजलेलं, दुसरीकडं 'छत्र'. शिवराई. दुर्मीळ नव्हे. शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकापासून इंग्रजी अमलापर्यंत ही नाणी चालली, अनेक ठिकाणी पडली. पण हातात धरल्यावर दुर्मीळ-बिर्मीळ आठवत नाही. भाच्याचा हात थरथरत होता, आणि पोराबद्दल माझं मत त्या क्षणी बदललं. त्याला पैसा नको होता.

सरांनी त्या जागी करंजाची काटकी रोवली. भाच्यानं मोबाइलवर जागेचे अक्षांश-रेखांश टिपले, फोटो काढला, खोली बोटांनी मोजून लिहिली. दोघं पहिल्यांदाच एका बाजूला वाकले होते.

मग यंत्र बांध ओलांडून पांढरीवर गेलं. मुद्दाम नाही; भाचा बोलत चालला होता आणि चकती पुढं होती. हेडफोनमधून मलाही ऐकू आला असा आवाज आला. खोल, गोल, न तुटणारा. दोन पावलं मागं येऊन पुन्हा गेला, पुन्हा तसाच. परातीएवढं काहीतरी. त्यानं माझ्याकडं बघितलं. आबांनी नकळत खोऱ्याला हात घातला.

आमच्या भागात याच आवाजापायी काय काय होतं, ते मी बघितलंय. अमावास्येच्या सकाळी याच पांढरीत लिंबू, हळद-कुंकू आणि कमरेएवढा खड्डा मी तीनदा बुजवलाय. पायाळू माणूस शोधतात, तांदूळ ओढणाऱ्या तांब्याच्या भांड्याच्या नावानं शिकल्यासवरल्यांना लाखाला बुडवतात. गुप्तधनासाठी अघोरी प्रकार करणं महाराष्ट्रात २०१३ च्या आणि कर्नाटकात २०१७ च्या कायद्यानं गुन्हा आहे. भाच्याचं यंत्र त्या लिंबापेक्षा कितीतरी प्रामाणिक. पण खड्डा दोघांचाही सारखाच.

मी: नको.

भाचा: मामा, नुसतं बघू. काढत नाही.

मी: बघायला खणावं लागेल.

भाचा: मग कळवा तरी कुणाला! कुणाला कळवणार? इंग्लंडात परगण्यागणिक माणूस नेमलाय. सापडलेली वस्तू त्याला दाखवायची, तो नोंद करून परत देतो. १९९७ पासून चाललंय. इथं कोल्हापूर चाळीस किलोमीटरवर. ब्रह्मपुरीच्या टेकडीत सापडलेला समुद्रदेव पोसायडन तिथल्या टाऊन हॉलच्या म्युझियममध्ये उभा आहे. पण ते दुसरं राज्य. आपल्याला धारवाड, दीडशे किलोमीटर. एक शिवराई घेऊन कोण जाईल?

सरांकडं याला उत्तर नव्हतं, माझ्याकडंही नाही. वाद तिथं भाच्यानं जिंकला असं मी मानतो. माणसाला प्रामाणिक राहायला सांगायचं तर प्रामाणिकपणाला जवळचं एक टेबल तरी पाहिजे. ते टेबल तालुक्याला हवं, पांढऱ्या मातीचं मोल कळणारा एक माणूस त्याच्यामागं हवा, आणि 'तुमची जागा जाणार नाही' हे त्यानं पहिल्या वाक्यात सांगायला हवं. पण टेबल नाही म्हणून खणायचं, हेही मला पटेना. शंभर वर्षं राहिलेली वस्तू आणखी दहा वर्षं राहील. ढवळलेल्या काळीत तुझी घाई मला कळते. पांढरीत खालचा थर अजून शाबूत आहे, तिथं घाई कुणाची?

कागदावर मी निम्म्या-निम्म्याची ओळ खोडली. वर लिहिलं: फक्त काळीत, नांगराच्या खोलीपर्यंत, पीक नसताना. खापर किंवा वीट लागली की हात थांबवायचा. जागेची नोंद ठेवायची. जुनं काही निघालं तर कळवायचं. पांढरीत यंत्र नाही. सही केली. साक्षीदार म्हणून सरांनी केली, आणि आबांचा अंगठा मी आग्रहानं घेतला.

शिवराईचा अर्ज कन्नडमध्ये लिहून घेतला आणि एका कचेरीत नेला. तो कुठल्या टेबलावर द्यायचा हे ठरेपर्यंत दुपार झाली. पोच मिळाली आहे. नाणं अजून कुणी मागितलेलं नाही. ते सरांच्या पाकिटात, जागेच्या चिठ्ठीसकट, माझ्या कपाटात आहे.

पांढरीवर शाळू पेरला तो कुरीनं, वरच्यावर. भाचा दर रविवारी येतो आणि काळीत ओळी धरून फिरतो. आबांची शेंबी अजून सापडलेली नाही.